सागवानाच्या चकत्या आणि माटीच्या झाडाची ढोली: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या प्रकल्पाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

लाकूड हाती आलं. २०२१च्या मेमध्ये तौक्ते वादळात केरीच्या वरच्या अंगाला एका भाटात (बागायतीत) बरीच सागवानं आडवी झाली होती. सरळसोट ओंडके तेव्हाच विकले गेले. बुंध्याकडचे वेडेवाकडे तुकडे मांगरात, म्हणजे भाटातल्या खोपीत, पडून राहिले. भाटकारकाकांना, म्हणजे भाटाच्या मालकांना, ते मागितले तर म्हणाले, "सर, एवढंच हवं होतं तर चार वर्षं मी त्यांना ठेचकाळत कशाला फिरलो असतो?" चेनसॉवाल्याकडून प्रत्येकाची दोन-अडीच इंच जाडीची चकती काढून घेतली आणि प्रत्येकीवर डोंगराकडची बाजू कुठली ते खडूने लिहिलं. जिथे काकांना आठवत नव्हतं तिथे प्रश्नचिन्ह.

काही तुकड्यांचा बाहेरचा पांढरट भाग भुंगेऱ्यांनी पार पीठ करून टाकला आहे. ते बाद. साल शाबूत असेल तरच चकती घ्यायची, नाहीतर शेवटचं वलय कुठल्या वर्षाचं हे ठरवता येत नाही आणि पुढची सगळी मोजणी हवेत जाते.

प्रश्न एकच ठेवला आहे. रानातलं झाड वरून हिरवंगार दिसतं. ते खरोखर बरं आहे का, हे लाकडावरून कळतं का, आणि कळलं तर कितपत?

जिवंत झाडाला भोक पाडायचं नाही हे आधीच ठरवलं. वाढ तपासायचं गिरमिट (इन्क्रिमेंट बोअरर) पेन्सिलीएवढी बारीक नळी काढतं आणि थंड देशांत ते सर्रास वापरतात. आमच्याकडे चार महिने सगळं ओलंचिंब. त्या भोकातून बुरशी आत शिरली तर आरोग्य तपासायला गेलेल्यांनीच आजार दिला असं व्हायचं. अभयारण्यात तर परवानगीशिवाय हातही लावता येत नाही. म्हणून लाकूड फक्त पडलेल्या झाडांचं. उभ्या झाडांवर टेप, पट्टे आणि डोळे.

२६ जानेवारी

दिवसभर सुतारकाम करणाऱ्या मेस्तकाकांच्या दुकानात. बेल्ट सँडरवर ८० नंबरचा पेपर, मग १२०, २२०, ४००, शेवटी हाताने ८००. ४००पर्यंत नुसतं तपकिरी लाकूड दिसतं. ८०० फिरला आणि पुसून भिंग लावलं की वलयं एकेक करून वर येतात.

सागवान या कामाला बरा, कारण त्याचं वर्ष स्पष्ट असतं. पान फुटताना कँबियम (सालीखालचा, नवं लाकूड घालणारा पेशींचा थर) जागं होतं आणि आधी पाणी नेणाऱ्या मोठमोठ्या वाहिन्यांची एक ओळ घालतं. नुसत्या डोळ्यांनाही त्या टाचणीच्या भोकांएवढ्या दिसतात. सोबत मऊ पेशींचा फिकट पट्टा. मग पावसाळा सरत जातो तशा वाहिन्या लहान आणि विरळ होतात, तंतू दाट होतात. पानगळीत काम बंद. पुढच्या वर्षीची मोठी ओळ सुरू झाली की मधली सीमा ठसठशीत उमटते. गोव्याचा राज्यवृक्ष माटी, म्हणजे ऐन, इतका सरळ नाही. त्याच्या वाहिन्या वलयभर विखुरलेल्या असतात आणि वर्षाची हद्द मऊ पेशींच्या एका बारीक रेघेने कळते. सदाहरित झाडांची गोष्टच सोडा. ज्यांचं कँबियम वर्षभर थोडंफार चालूच राहतं त्यांच्यात मोजण्यासारखी हद्द बहुधा नसते.

सगळ्यात आधी सालीखालचा काठ पाहिला. वादळ मेच्या मध्याला आलं. नवी ओळ सुरू झाली असती तर शेवटचं अर्धवट वलय २०२१चं. भिंगाखाली मोठ्या वाहिन्यांची एकही नवी ओळ नाही. म्हणजे शेवटचं पूर्ण वलय २०२०चं, आणि झाड निजलेलं असतानाच पडलं. इथून आत मोजत जायचं.

एका चकतीचा गाभा चक्क एका कडेला सरकलाय, आणि घासताना रुंद बाजूने लव सुटत राहते. मेस्तकाकांनी बोट फिरवून लगेच सांगितलं, "हा उताराचा साग. फळी काढली तर वाकणार." बरोबर आहे. कललेलं रुंदपर्णी झाड वरच्या बाजूला जास्त लाकूड घालतं, आणि त्या लाकडाचे तंतू आतून चिकट सेल्युलोजने भरलेले असतात. ते ताणून धरतात, दोरखंडाचं काम करतात. त्या बाजूची रुंद वलयं पाहून झाड जोरात होतं असं कुणी लिहू नये. ते तोल सांभाळत होतं.

९ फेब्रुवारी

चकत्या स्कॅन करून संगणकावर मोजणी. प्रत्येक चकतीवर तीन-चार दिशांनी रेघा मारल्या, कारण एकाच रेघेवर भरवसा ठेवला की काही वलयं निसटतात. एका बाजूला असलेलं वलय दुसऱ्या बाजूला शेजारच्यात मिसळून नाहीसं होतं.

खोटी वलयंही आहेत. २०१९च्या वलयात शेवटाकडे एक जादा पट्टा दिसतो. त्या ऑक्टोबरच्या अखेरीस क्यार वादळ गोव्याच्या समोरून गेलं आणि पाऊस लांबला. झाड आवरतं घेत होतं, त्याने पुन्हा थोडं काम काढलं असावं. खरी हद्द आणि खोटी हद्द यांत फरक असा: खरीच्या एका बाजूला दाट तंतू आणि लगेच पलीकडे मोठ्या वाहिन्या, एकदम तुटक. खोटी दोन्ही बाजूंनी हळूहळू विरते आणि चकतीभर फेरीही पूर्ण करत नाही.

प्रकल्पातल्या मुलांनी हवामानाची कोष्टकं आणली होती. २००२ आणि २००९, दोन्ही देशभर पाऊस फार कमी झाल्याची वर्षं. २००२ सगळ्या चकत्यांत अरुंद आहे, त्याच्यावरून त्या एकमेकींशी जुळवता आल्या. २००९ मात्र अजिबात अरुंद नाही. एक विद्यार्थिनी वैतागली. तिला म्हटलं, २००९चा ऑक्टोबर आठवतो का? त्याच महिन्याच्या २ तारखेला काणकोणात पूर आला होता, आणि नोव्हेंबरात फयान वादळ किनाऱ्यावरून वर सरकलं. देशाचा दुष्काळ म्हणजे सत्तरीतल्या झाडाचा दुष्काळ नव्हे.

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याला त्याहून जास्त. जुलैत आणखी पाचशे मिलिमीटर पडले काय आणि न पडले काय, झाडाच्या मुळांना त्याचा उपयोग नाही. जांभ्या दगडावरची माती पातळ, पाणी धरत नाही. ऑक्टोबरनंतर ती भराभर सुकते आणि पुढचे सात महिने कोरडे. झाडाची खरी परीक्षा पावसाळ्याच्या दोन टोकांना असते: जूनमध्ये सुरुवात कधी होते, आणि ऑक्टोबरमध्ये ओल किती दिवस टिकते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केरळच्या सागवानांची ५२३ वर्षांची वलयमालिका २०१०मध्ये प्रसिद्ध केली आणि एल निनोच्या, मान्सून हुकल्याच्या वर्षांच्या खुणा त्यात दाखवल्या. आमच्याकडे लागवडीतला साग, वय जेमतेम तीसेक वर्षं. हवामानाचा इतिहास यातून निघणार नाही. पण शेजारी शेजारी उभ्या असलेल्या झाडांतलं कुठलं मागे पडलं, हे नक्की निघेल. पाऊस सगळ्यांना सारखा मिळाला. त्यातून एकच झाड वेगळं वागलं तर कारण त्या झाडापाशी शोधायचं.

२३ फेब्रुवारी

उभ्या झाडांना पट्टे बांधले. स्टीलची पट्टी, एक स्प्रिंग, दोन खुणा. खुणांमधलं अंतर कॅलिपरने मोजायचं. उंची १.३७ मीटर, भारतात घेर इथेच मोजतात. उतारावर वरच्या बाजूने मोजायचं हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

निम्मी झाडं २०२३च्या मार्चमधल्या वणव्यात होरपळलेल्या उतारावरची, निम्मी खालच्या न जळलेल्या भाटातली. साग, किंदळ, माटी आणि एक नाणा. शिवाय एका उभ्या सुकलेल्या, मेलेल्या सागालाही पट्टा. मुलं हसली. मेलेल्याचा घेर कशाला मोजायचा ते पावसाळ्यात कळेल.

२ मार्च

डिचोलीकडच्या चकत्या. खाणीच्या जुन्या रस्त्यालगतच्या भाटातली, त्याच वादळात पडलेली सागवानं. एका विद्यार्थ्याने फार उत्साहाने आलेख काढून आणला: २०१२पर्यंत वलयं बारीक, त्यानंतर एकदम रुंद, पुढे तशीच. २०१२च्या सप्टेंबरमध्ये खाणी बंद झाल्या. मालाचे ट्रक थांबले, धूळ थांबली, झाडांनी श्वास घेतला! आलेखावर लाल रेघ मारून मोकळा.

मलाही ते खरं असावंसं वाटतं. धुळीने पानांची रंध्रं बुजतात, उजेड अडतो, प्रकाशसंश्लेषण मंदावतं. त्या पट्ट्यातल्या झाडांची लाल पानं आम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत.

पण टेकडीच्या पलीकडच्या, रस्त्यापासून आडोशाला असलेल्या झाडाची चकती शेजारी ठेवली. त्यातही तशीच उडी, आणि तीही जवळपास त्याच सुमारास. भाटाच्या मालकांना फोन केला. म्हणाले, त्या काळात एकाआड एक झाड काढून विकलं होतं. म्हणजे विरळणी. शेजारी गेला, उजेड मिळाला, मुळांना जागा मिळाली. अशी एकदम आलेली आणि पुढे टिकलेली उडी मोकळीक मिळाल्याची खूण असते. धुळीचा वाटा असेलही, पण या चकत्यांतून तो वेगळा काढता येत नाही. लाल रेघ खोडली. पोरगं रुसलं आहे.

१६ मार्च

शिगमोच्या सुट्टीत जळलेल्या उतारावर. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत म्हादई अभयारण्य आणि भोवतालचे डोंगर धुमसत होते, विझवायला हेलिकॉप्टरं आणावी लागली होती. आज पाहिलं तर डोळ्यांना काही वाटणार नाही. झाडं उभी आहेत, किंदळाला फूट आहे, खाली कुडा आणि रानमोडी माजली आहे.

खरं बघायचं ते बुंध्याशी. उताराच्या वरच्या बाजूला. पालापाचोळा घरंगळत येऊन तिथेच अडतो, आणि आग खालून वर चढताना ज्वाळा खोडाला वळसा घालून त्या बाजूला जास्त वेळ उंच राहतात. त्यामुळे जखमा तिथेच, त्रिकोणी, जमिनीपाशी रुंद. साधारण ६० अंशांना कँबियमच्या पेशी मरतात. त्या वेळी साल जागच्या जागी असते. वर्ष-दोन वर्षांनी ती सुटते आणि जखम तेव्हा कुठे बाहेरून दिसते. आज बऱ्याच सागांची साल ठोकल्यावर पोकळ वाजली. खाली लाकूड सुकं.

माटीला तुलनेने कमी इजा. खोल चिरा पडलेली जाड साल कामी आली. नाण्याची साल पातळ, गुळगुळीत, त्याची एक बाजू पूर्ण गेली आहे.

मुलांना इथे एक गोष्ट सांगितली, जी मला या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपली कातडी फाटली तर त्याच जागी नवी येते. झाडाचं तसं नाही. मेलेलं लाकूड पुन्हा जिवंत होत नाही. झाड त्या भागाला आतून कुंपण घालतं, त्याला सोडून देतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवत त्याच्यावर चढतं. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून ही कुंपणं दाखवली. जखमेच्या वर-खाली वाहिन्या बुजतात, आत आणि बाजूंना अडथळे उभे राहतात, आणि सगळ्यात भक्कम भिंत जखमेनंतर कँबियम जे नवं लाकूड घालतं त्यात असते. म्हणून जुनं झाड पोकळ असूनही वर्षानुवर्षं उभं राहू शकतं, आणि म्हणूनच २०२३ची आग त्या झाडात मरेपर्यंत राहणार आहे.

२० एप्रिल

काजूचा हंगाम, भाटात कुणालाही आमच्याशी बोलायला वेळ नाही. पट्टे वाचले. जवळपास सगळ्या झाडांचा घेर फेब्रुवारीपेक्षा किंचित कमी. चूक नाही. खोडातलं पाणी कमी झालं की साल आणि बाहेरचं लाकूड आकसतं.

२५ मे

काय हे! मान्सून काल केरळात पोचला, आठ दिवस आधी, आणि आज इथे. त्याआधीपासूनच पाऊस कोसळतोय. काजूची बोंडं अजून झाडाखाली कुजताहेत. ओहोळ भरून वाहतोय म्हणून पलीकडचे पट्टे वाचता आले नाहीत.

वाचले तेवढ्यांत सगळीकडे वाढ दिसते. सागाला अजून धड पानं नाहीत आणि पट्टा सरकला! इथे मेलेला साग उपयोगी पडला. त्याचाही घेर वाढला आहे. म्हणजे हे बरंचसं फुगणं, वाढ नव्हे. साल पाणी प्यायली. पहिल्या हंगामात पट्टा सैल असतो तेही धरायला हवं. जूनच्या अखेरीपर्यंतचं वाचन वाढ म्हणून वहीत घ्यायचं नाही.

२२ जून

भाटातली कोवळी सागाची पानं चाळणी झाली आहेत. झाडाखाली उभं राहिलं की विष्ठेचा टपटप आवाज. सागावरची पान खाणारी अळी, हिब्लिया. भाटकारकाका म्हणतात हे दरवर्षीचं, पंधरा दिवसांत पुन्हा फुटतो. फुटतो हे खरं. पण ही दुसरी पालवी फुकट येत नाही. केरळ वन संशोधन संस्थेने निलंबूरला तरुण लागवडीत मोजमाप केलं होतं: या अळीमुळे जेवढी घनफळ-वाढ होऊ शकली असती तिच्यातली ४४ टक्के बुडत होती. त्याच अभ्यासात पावसाळ्याच्या शेवटी पानांची जाळी करणाऱ्या दुसऱ्या अळीने मात्र वाढीवर लक्षणीय परिणाम केला नाही. पान दोन्हींनी खाल्लं. फरक वेळेचा. जूनमध्ये पान गेलं तर लाकूड घालण्याचे मुख्य महिने जातात. ऑक्टोबरात गेलं तर झाडाचं वर्षाचं काम उरकलेलं असतं.

म्हणून नोंदवहीत "पानं खाल्ली" एवढं लिहून भागत नाही. कधी खाल्ली ते लिहायचं.

१३ जुलै

पावसात रानात जाता येत नाही, म्हणून प्रयोगशाळा. लाकडाचे ठोकळे पाण्यात उकळून, मग पाणी-ग्लिसरीनमध्ये मऊ करून मायक्रोटोमवर (अतिशय पातळ काप काढायच्या यंत्रावर) काप काढले. सॅफ्रॅनिनचा लाल रंग. पहिले काप फाटले, पात्याला धार लावल्यावर जमलं.

मेमधल्या फुगवट्याच्या वादानंतर मुलांना वलयाच्या आत काय असतं ते दाखवायचं होतं. सागाची वर्षारंभीची वाहिनी २००-३०० मायक्रोमीटर रुंद, उत्तरार्धातली तिच्या निम्म्याहूनही बारीक. नळीतून पाणी किती जातं हे त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतं. दुप्पट रुंद वाहिनी सोळापट पाणी नेते. म्हणजे पानं फुटताच त्यांना लागणारं जवळजवळ सगळं पाणी त्या पहिल्या ओळीतून जातं. त्या ओळीतल्या वाहिन्या बारीक निघाल्या तर झाडाने त्या वर्षाची सुरुवातच आखडत्या हाताने केली. ही ओळ नव्या पानांनी कमावलेल्या साखरेवर बनत नाही, कारण ती बनते तेव्हा पानं पुरती उघडलेलीही नसतात. ती मागच्या वर्षीच्या शिलकीवर बनते. एका चकतीत अरुंद वलयाच्या पुढच्या वर्षी वलय पुन्हा रुंद आहे, पण पहिल्या ओळीतल्या वाहिन्या स्पष्ट लहान आहेत. नुसती रुंदी मोजली असती तर झाड एका वर्षात सावरलं असं लिहिलं असतं.

ती शिल्लक बघायची सोपी रीत आयोडीन. काल वाऱ्याने तुटलेल्या सागाच्या फांदीचा ताजा छेद घेऊन थेंब टाकला. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या किरणपेशींच्या रेषा निळ्या-काळ्या झाल्या, गाभ्यात काही नाही. पांढऱ्या लाकडातच जिवंत पेशी असतात, पिष्ट तिथेच साठतं. आणि मांगरातल्या तुकड्यांचं पीठ का झालं तेही इथेच कळलं. भुंगेऱ्यांना ते पिष्टच हवं असतं. मेस्तकाकांचा अमावास्येला लाकूड तोडायचा नियम मी पाळत नाही, पण तोडणीचा ऋतू बघणारी माणसं वेडी नव्हती.

पांढऱ्या लाकडाची, रसकाष्ठाची, जाडीही मोजायला घेतली. १९६४मध्ये शिनोझाकी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी मांडलं की वरच्या ठरावीक पानांना खाली ठरावीक वाहत्या लाकडाचा छेद लागतो. शेंडा दबलेल्या झाडाचं पांढरं लाकूड बारीक असतं. आमच्या चकत्यांतही सगळ्यात अरुंद रसकाष्ठ त्याच झाडाचं निघालं, जे काकांच्या आठवणीप्रमाणे दोन मोठ्या झाडांच्या मध्ये दबून उभं होतं.

३१ ऑगस्ट

चवथीच्या दिवसांत काम बंद. आज मात्र देवस्थान समितीचे दोघे घरी आले. देवळाच्या मागच्या अंगणात जुनी माटी आहे, बुंध्यात ढोली. जत्रेला जिथे नाटकाचा रंगमंच उभारतात, तिच्या फांद्या बरोबर त्याच्यावर. "भाऊ, यंदा नाटकाला गर्दी होणार. काही झालं तर आम्ही तोंड कुठे लपवायचं? कापून टाकावी म्हणतो, तुम्ही एक कागद लिहून द्या." गोव्यात झाड कापायला १९८४च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते, माझ्या कागदाने काही होत नाही. बघून जातो एवढंच कबूल केलं.

१४ सप्टेंबर

माटी पाहिली. ढोलीचं तोंड पायथ्याला, आत माणूस बसेल एवढी जागा. बांबूच्या काठीने आतली रुंदी वेगवेगळ्या दिशांनी मोजली. साल वजा करून त्रिज्या ४५ सेंटिमीटरच्या आसपास, भिंत सगळ्यात पातळ जागी १६. गुणोत्तर ०.३६. जर्मनीतले क्लाउस मॅटेक यांचा नियम आहे की भिंतीची जाडी त्रिज्येच्या ०.३च्या खाली गेली की पोकळ झाडं मोडण्याचा धोका झपाट्याने वाढतो. आमची किंचित वर. पण तो नियम अखंड नळीसाठी. इथे एका बाजूला दार आहे, त्यामुळे एवढ्यावर निर्धास्त राहणं योग्य नाही.

त्या दाराच्या दोन्ही कडा मात्र पाहण्यासारख्या आहेत. नव्या लाकडाचे जाड, गोल वळ, सालीच्या चिरांत ताजा फिकट रंग. झाड दरवर्षी कडेला लाकूड घालतंय. पायथ्याला कुठेही भूछत्रं नाहीत, मुळांजवळ माती उचललेली नाही. शेंड्याची पानं दाट. रंगमंचावर येणारी फांदी मात्र टोकाकडून सुकलेली, ठोकली की भद्द वाजते.

देवळाच्या पायरीवर बसलेल्या आजी म्हणाल्या, ढोली त्यांच्या लग्नाआधीपासून आहे.

१९ ऑक्टोबर

मोठं घबाड. जळलेल्या उतारावरचं एक सागवान जुलैच्या वाऱ्यात मोडलं होतं, ते आज कळलं. वनरक्षकांनी पंचनामा झाल्यावर एक चकती घेऊ दिली. मोडलं ते बरोबर आगीच्या जखमेपाशी.

चकती ओली असतानाच घासली. साधारण एक चतुर्थांश घेरात २०२२च्या वलयानंतर काहीच नाही. तिथे काळपट, मेलेली कड. आग मार्चमध्ये, झाड निजलेलं असताना लागली, त्यामुळे जखम बरोबर दोन वलयांच्या मधल्या हद्दीवर बसली आहे. त्या कडेच्या दोन्ही टोकांनी २०२३ आणि २०२४ची वलयं आत वळत चढली आहेत, आणि तिथे ती चकतीतली सगळ्यात रुंद आहेत. समोरच्या बाजूला, जिथे आग पोचली नव्हती, तीच दोन वर्षं चकतीतली सगळ्यात अरुंद. एकाच झाडात एकाच वर्षी दोन उत्तरं. मोजणारा कुठे रेघ मारतो त्यावर झाड जोमात आहे की उपाशी हे ठरलं असतं.

जखमेच्या मागचं पांढरं लाकूड तपकिरी झालंय. सूक्ष्मदर्शकाखाली वाहिन्या फुग्यासारख्या पडद्यांनी बुजलेल्या, टायलोसिस. झाडाने त्या बाजूचा पाणीपुरवठा स्वतःच बंद करून टाकला. आयोडीन टाकलं तर जखमेलगत डाग नाही, समोर फिकट. मार्चमध्ये आम्ही याच झाडाखाली उभे होतो आणि वहीत "झाडं उभी आहेत" एवढंच लिहिलं आहे.

पट्ट्यांची वाचनंही आली. जुलै ते सप्टेंबर मेलेला साग जागचा हलला नाही, म्हणून जिवंतांची या तीन महिन्यांतली वाढ खरी धरायला हरकत नाही. जळलेल्या उतारावरचे साग भाटातल्यांपेक्षा मागे, अळीचा त्रास भाटात जास्त असूनही. माटींमध्ये दोन्हीकडे फारसा फरक नाही. नाण्याचा पट्टा गुरांनी तोडला.

२३ नोव्हेंबर

समितीची बैठक. मी तोंडी सांगितलं ते असं: फांदी सुकलेली आहे, ती परवानगी घेऊन कापा, पण खोडाला लागून न कापता फांदीच्या मुळाशी असलेला फुगवटा राखून. तो फुगवटा गेला तर खोडातच नवी जखम. कापाला डांबर फासू नका. ढोली सिमेंटने भरू नका, एका सभासदाने तयारी दाखवली होती. खोड हलतं, सिमेंट हलत नाही, मध्ये फट पडते आणि पाणी साचतं. आणि झाडाचा भरवसा शंभर टक्के कुणी देणार नाही, त्यामुळे माणसं त्याच्याखालून हलवा.

यावर बराच वेळ वाद. शेवटी रंगमंच उत्तरेकडे, तुळशीच्या बाजूला नेण्याचं ठरलं. आता नटांच्या मेकअपची खोली कुठे करायची यावर पुढची बैठक आहे. फांदीसाठीचा अर्ज सोमवारी वाळपईला द्यायचा, सोबत ढोलीच्या मोजमापाचं रेखाचित्र मागितलंय. कापलेल्या फांदीची चकती मला द्यायची असं सचिवांच्या वहीत लिहून घेतलं आहे. नाण्याला नवा पट्टा, या वेळी काटेरी कुंपणासकट, डिसेंबरच्या आधी.